पद्माक्काचा भुंगा

हल्ली लग्नाला गेलं की डोक्यावर ड्रोन घोंगावतोच. परवा भाचीच्या मुलीच्या लग्नात, अक्षता टाकायच्या ऐन वेळी, तो मांडवावर आला आणि सगळे नवरा-नवरीला सोडून वर बघायला लागले. मी मात्र खाली शोधत होते, की तो उडवतंय कोण. कोपऱ्यात गॉगल लावलेला एक मुलगा होता, च्युइंगम चघळत. मन खट्टू झालं. माझ्या डोळ्यांना सवय आहे ती नऊवारी नाही, पण चापूनचोपून नेसलेल्या सुती पातळाची, डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या सावलीत रिमोटचा पडदा बघणाऱ्या आमच्या पद्माक्काची.

मी मूळची नागपूरची. मुलाची नोकरी बंगळुरात, म्हणून व्हाइटफील्डच्याही पुढे, होसकोटेच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत आम्ही काही वर्षं राहिलो. मुलगा-सून सकाळी कॅबमध्ये बसायचे ते दिवेलागणीला घरी. मी आपली गच्चीवर. गच्चीच्या मागे एक तळं, तिकडे त्याला केरे म्हणतात. तिथेच मला ही बाई पहिल्यांदा दिसली. बांगड्या काढून कठड्यावर ओळीने ठेवलेल्या, हातात रिमोट, आणि तोंडाने पुटपुटणं चाललेलं, "ये, ये, स्वल्प डावीकडे, सरी, सरी, ठीक, बैस आता." मला वाटलं कबुतरांशी बोलतेय. तेवढ्यात एक तळहाताएवढं यंत्र गुणगुणत आलं आणि पाटावर येऊन बसलं. हो, लाकडी पाटावर! जेवायला बसायचा असतो ना, तस्साच.

"हा आमचा भुंगा," ती म्हणाली. "तुम्ही नव्या आलात काय? कुठल्या?"

"नागपूरची."

"मग कॉफी पिणार नाही तुम्ही. चहाच लागणार. अय्यो, सुम्मने, उगाच काय बसायचं, या की घरी."

त्या दिवसापासून मी तिची 'नागपूरताई' झाले. माझं खरं नाव तिने शेवटपर्यंत एकदाही घेतलं नाही.

तिचं घराणं बंगळुरातलं कैक पिढ्यांचं. मराठी घरात बोलायची तेवढी, तीही अशी की निम्मे शब्द कानडी. पहिल्यांदा मला वाटायचं ही बाई चेष्टा करतेय. मग कळलं, तिला माझंच मराठी चेष्टेचं वाटायचं. तरुणपणी ती घड्याळांच्या कारखान्यात होती. ओळीने बायका बसायच्या, डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायच्या. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले. एका उन्हाळ्यात सोसायटीत मुलांसाठी ड्रोन बनवायचं शिबिर भरलं, तर ही जाऊन नाव नोंदवून आली. शिकवणारा म्हणाला, "आजी, नातवाला सोडायला आलात का?" ही म्हणाली, "नातू अमेरिकेत आहे. त्याला सोडायला गेले तर विमानाचं तिकीट पडेल. मला शिकव." आणि मागच्या बाकावर बसून तिने तो भुंगा बनवला. कारखान्यातलं जुनं भिंग डोळ्याला लावून तारांना सोल्डरिंगचे डाग स्वतः दिले.

तिचे नियम भारी. भुंगा लोकांच्या खिडक्यांसमोरून न्यायचा नाही, फक्त पाण्यावरून. उडवायच्या आधी बांगड्या काढायच्या, कारण बांगड्या वाजल्या की मोटरीचा आवाज नीट ऐकू येत नाही. आणि दर आठवड्याला त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं. अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तर सरकारी भानगड कमी, वर गेला की नोंदणी आणि कागद. आमचा भाग सरकारी नकाशात हिरव्या पट्ट्यात येतो, तिथे उडवायला परवानगी लागत नाही, हेही तिने आधीच बघून ठेवलेलं. "मी म्हातारी आहे, पण गुन्हेगार नाही," म्हणायची.

आता हे सगळं ती हौसेनेच करत होती, पण एके दिवशी त्याला कारण मिळालं. तेच सांगायचंय मला.

तळ्याच्या पलीकडे तिची थोरली बहीण राहायची, सरसक्का. मुलगा-सुनेसोबत, साध्या दुमजली घरात. आमच्या गच्चीवरून ते घर दिसायचं, पिवळ्या रंगाचं, बाहेरून गच्चीवर जाणारा जिना असलेलं. पाण्यावरून बघितलं तर हाक मारावी इतकं जवळ. रस्त्याने जायचं तर आधी उलट दिशेला हमरस्त्यावर जा, तिथे ट्रॅफिकमध्ये सडा, लांबून वळून या. दोघींचे गुडघे गेलेले. सणावारीच काय त्या भेटायच्या.

तर ही सरसक्का न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, जिना चढायचा-उतरायचा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. आणि सरसक्काने अंथरूण धरलं. "काय करायचंय चालून? कुठे जायचंय मला?" सून रडकुंडीला आली. व्यायाम करून घ्यायला यायची ती मुलगी रोज परत जायची. शेवटी सुनेने पद्माक्काला फोन केला.

मी तिथेच होते. पद्माक्काने फोन स्पीकरवर टाकला.

"अक्का, उद्या सकाळी गच्चीवर ये. मी येतेय."

"तू? तुझे गुडघे बरे झाले?"

"नाही."

"मग कशी येतेस गं पद्दी?"

"वरून," पद्माक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुंगा तळं ओलांडून गेला. माझं काम सुनेला लावलेला फोन धरायचं. रिमोटच्या पडद्यावर पिवळं घर दिसलं, बाहेरचा जिना दिसला, आणि जिन्याच्या तळाशी सुनेच्या आधाराने उभी असलेली एक ठेंगणी बाई. ती वर बघत होती. बघता बघता तिने हात हलवला. फोनमधून आवाज आला, "अय्यो, हे काय डास आणलंयस?"

"एक पायरी चढ अक्का. तुझं तोंड नीट दिसत नाही."

"खोटं बोलतेस."

"हो. चढ."

आणि ती चढली, हो! सुरुवातीला एक-दोन पायऱ्या, मग धापा टाकत बसायची. भुंगा तिच्यासमोर, जिन्यापासून अंतर ठेवून, एका जागी थांबायचा. पद्माक्का तिला घाई करायची नाही. बॅटरी संपत आली की म्हणायची, "याला भूक लागली, मी जाते. उद्या वरच्या पायरीवर भेट." मी विचारलं, जरा पुढे न्यावा ना, तिला ओढ लागेल. तर म्हणाली, "कुणाला चालायला शिकवायचं तर त्याच्या पुढे पळू नये, नागपूरताई. त्याला वाटतं आपण मागे पडलो." व्यायामवालीला जे जमलं नव्हतं ते त्या गुणगुणणाऱ्या डबीने केलं. नवरात्राच्या सुमाराला सरसक्का जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत यायला लागली.

आणि मग आली आयुधपूजा.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं नि वह्या पुजतात, पण बंगळुरातली आयुधपूजा बघायची गोष्ट आहे. बस, रिक्षा, लिफ्टचं दार, ऑफिसातले लॅपटॉप, पिठाची गिरणी, सगळ्यांना गंध, कुंकू, झेंडूची माळ. चाकाखाली लिंबू चिरडतात, कोहळा फोडतात. पद्माक्काने भुंग्याची पूजा मांडली. त्याला पाटावर बसवलं, चारही पंख्यांच्या पात्यांना उगाळलेलं गंध लावलं, वर कुंकू, वर अक्षता. चाकं नाहीत तर लिंबू कशाखाली ठेवायचं, हा प्रश्न पडला. शेवटी भुंग्याला हातात धरून तिने लिंबावर टेकवलं, आणि लिंबू स्वतःच्या टाचेने फोडलं. मी हसून हसून बेजार. आमच्या मजल्यावरचा निरंजन, पुण्याचा, तिशीतला, कसल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, तोही आला होता. त्याने फोटो काढले, प्रसाद खाल्ला, "काकू, एक नंबर," म्हणाला.

पुढच्या सकाळी भुंगा उडाला तो थरथरत. आवाज घोगरा. पडद्यावरचं चित्र पाण्यातल्या सावलीसारखं हलत होतं, सरसक्का कुठली नि जिना कुठला समजेना. वाऱ्याची झुळूक आली की तो भरकटायचा. परत आला तेव्हा मोटरी हात लावू नये इतक्या तापलेल्या. एकदा तर तळ्यावर असताना असा कलंडला की आता गेला जलपर्णीत, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"काय झालं गं?" फोनमधून सरसक्का. "आज तू दारू पिऊन आलीस काय?"

पद्माक्का हसली नाही. रिमोट ठेवून तिने एकेक बांगडी चढवली. मग म्हणाली, "हा बुडाला की अक्का परत अंथरुणावर जाईल. मला माहीत आहे तिला. लहानपणी शाळेत सुद्धा मी सोबत असले तरच जायची. मी धाकटी, आणि ती माझं बोट धरून."

मग सुरू झाली चर्चा. निरंजनने भुंगा हातात घेऊन उलटासुलटा केला. "काकू, मोटर्स थकल्यात. शिबिरातला स्वस्त माल आहे हा. अपग्रेड करून टाका. पॉवरफुल मोटर्स घ्या आणि त्यावर मोठे प्रॉप्स, म्हणजे पंखे. रॉकेट होईल बघा."

"मला रॉकेट कशाला? पलीकडच्या तीरावर जायचंय, चंद्रावर नाही."

"अहो, पण वाऱ्यात स्टेबल राहायला पॉवर लागते ना."

"जास्त ताकदीची मोटर म्हणजे तिला जेवायला जास्त. बॅटरी तेवढीच. मग अक्काजवळ थांबायचं किती?"

"मोठी बॅटरी लावू."

"वजन?"

पद्माक्का पुढे म्हणाली, "आमच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणायचे, मागे पडलेलं घड्याळ जसं बिघडलेलं, तसं पुढे पळणारंही बिघडलेलंच. गिऱ्हाईकाला वेळ बरोबर पाहिजे, लवकर नको."

मी मात्र निरंजनच्या बाजूने बोलले. मला आपली एकच भीती, तो पाण्यात पडेल. म्हटलं, "अहो पद्माक्का, जुन्याला किती दिवस धरून बसणार? नवी मोटर म्हणजे जिवाला घोर नाही." तिने भुंगा पुढ्यात घेतला. भिंग लावून मोटरी तपासल्या, बोटाने फिरवल्या, कानाशी नेल्या. "फिरायला तर गोड आहेत," पुटपुटली. पण दोन माणसं एकच सांगायला लागली की तिसरं माणूस स्वतःवरच शंका घेतं. शेवटी म्हणाली, "सरी. मागवा."

मोटरी आल्या. जुन्या काढून नव्यांना डाग तिनेच दिले. निरंजनने मोठे पंखे बसवले. काट्यावर ठेवला तर अडीचशेच्या वर! मग पंख्यांभोवतीची प्लॅस्टिकची कडी काढली तेव्हा कुठे काटा आत आला. पद्माक्काला ते आवडलं नाही. "हे म्हणजे हेल्मेट काढून गाडी जोरात न्यायची," ती म्हणाली. पण झालं.

दुसऱ्या दिवशी भुंगा पाटावरून असा उसळला की पद्माक्काच मागे सरली. तळं त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत ओलांडलं. ती त्याला आवरायला बघत होती, पण हाताची सवय जुन्या वेगाची, आणि हा नवा. पिवळ्या घराच्या गच्चीवर तो सपकन खाली उतरला. गच्चीवर सुनेने तांदळाचे सांडगे वाळत घातले होते. त्या पंख्यांचा वारा लागला आणि सांडगे, त्याखालचं धोतर, सगळं हवेत! आणि जिन्याच्या वळणावर उभी असलेली सरसक्का दचकून कठडा धरून मटकन खाली बसली.

"अय्यो देवा! देवा!" फोनमधून एवढंच. मग सुनेचा आवाज, आणि फोन बंद.

ती पडली नव्हती. कुठे लागलंही नव्हतं. पण संध्याकाळी तिने निरोप पाठवला, "पद्दीला सांग, ते यमाचं वाहन माझ्या दारात आणू नको म्हणून. मी जिना चढणार नाही." आणि खरंच परत अंथरूण धरलं. व्यायामवाली आली तशी गेली. सून फोनवर पद्माक्काला म्हणाली, "चिक्कम्मा, पाय परत सुजलेत."

त्या दिवसांत पद्माक्का गच्चीवर आली नाही. मी तिच्या घरी गेले तर कॉफी केलेली, पण निवून साय धरलेली. माझ्याशी बोलली, पण सणसणीत एक वाक्यही नाही. मला ते तिच्या रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिचं काय होतं, कुंकू लागलेली वस्तू ती कचऱ्यात टाकायची नाही. भुंग्याचे काढलेले जुने पंखे तिने कागदात गुंडाळून देवघराशेजारी ठेवले होते. धुवून ते पाणी तुळशीला घालायचं, मग पंखे टाकायचे, असा बेत. मी समोर बसले होते. तिने वाटीत कोमट पाणी घेतलं, पंखे सोडले. आणि पाणी लाल झालं. मग पिवळसर खवले सुटायला लागले, वाळून सिमेंट झालेल्या गंधाचे. एका पात्याला ढीगभर, दुसऱ्याला टिकलीएवढं. एका पंख्याच्या मुळाशी तर तांदळाचा एक अख्खा दाणा चिकटून बसलेला.

मग तिने तो दाणा चिमट्याने उचलला, माझ्यासमोर धरला.

"नागपूरताई," ती म्हणाली, "भुंग्याने अक्षता डोक्यावर घेऊन उडायचं, आणि आपण म्हणायचं याच्या मोटरी थकल्या."

आणि जी हसायला लागली, ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. मीही. निरंजनला बोलावलं, म्हटलं ये, प्रसाद घे. त्याने वाटी बघितली आणि कपाळावर हात मारला. "काकू, आपण सगळ्यांनी बघितलं होतं की हे! माझ्या फोटोत आहे!"

बघितलं होतंच. पण त्या गावात दसऱ्याला लावलेलं कुंकू गाड्यांवर दिवाळीपर्यंत असतं. कुंकू लागलेलं यंत्र कुणाच्या नजरेला खटकतच नाही. पाती किती हलकी, त्यांचा तोल किती नाजूक, हे तिलाही माहीत होतं नि त्यालाही. पण देवाच्या गंधाला वजन असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

जुन्या मोटरी परत बसल्या. पंखे नवे घेतले, पण त्याच मापाचे, जुन्यांच्या कडा झिजल्या होत्या म्हणून. कडी परत लावली. नव्या ताकदवान मोटरी निरंजनला देऊन टाकल्या, "तू तरुण आहेस, तू पळ," म्हणून. पाटावरून भुंगा उचलला तेव्हा तो पूर्वीचा गोड आवाज ऐकून ती डोळे मिटून उभी राहिली.

पण सरसक्का कुठे येतेय? फोन केला तर, "बेडा. नको मला."

मग पद्माक्काने काय करावं? भुंगा नेला आणि तळ्याच्या मधोमध थांबवला. पलीकडे नेलाच नाही. फोन सुनेने सासूच्या कानाला लावला. पद्माक्का म्हणाली, "अक्का, मी पाण्यावर उभी आहे. तू बोलावल्याशिवाय दारात येणार नाही." पलीकडून हुं की चूं नाही. बॅटरी संपत आली तशी परत आणला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "अहो, ती बघत तरी असेल का?" तर म्हणाली, "खिडकीचा पडदा सरकलाय. कालपर्यंत बंद होता."

आणि एका सकाळी फोनमधून खोकल्याचा आवाज आला, मग शब्द. "पद्दी. ये. पण हळू. आणि माझ्या सांडग्यांपासून लांब."

पडद्यावर बघितलं तर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. सुनेचा हात न धरता.

त्यानंतरचा हिवाळा मजेत गेला. वळण आलं, वळणाच्या वरच्या पायऱ्या आल्या, आणि एके दिवशी सरसक्का गच्चीवर खुर्ची टाकून बसलेली दिसली, भुंग्याला मुरमुऱ्यांची वाटी दाखवत. रोज भांडायच्या दोघी, फोनवर. कुणाच्या लग्नात कुणी कुठली साडी नेसली होती त्यावर. निम्मी बॅटरी त्यातच जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या मुलाची बदली पुण्याला झाली. सामान बांधायला घेतलं होतं. त्याच आठवड्यातली सकाळ. भुंगा पलीकडे गेला आणि गच्ची रिकामी. जिना रिकामा. खिडक्या बंद. फोन लावला, उचलेना. सुनेला लावला, लागेना.

"झोपली असेल," मी म्हटलं.

"आमची अक्का? उजाडल्यावर?" पद्माक्काचे हात रिमोटवर घट्ट. घराभोवती लांबून एक फेरी. परत गच्ची. परत जिना. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला तरी ती वळेना. मी म्हटलं, "आणा आता परत, पडेल," तर मान हलवली नुसती. मग नाइलाजाने वळवला.

तो पाटावर टेकला आणि मागे गच्चीचं दार करकरलं. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत येत नाही, शेवटचा जिना चढावाच लागतो. दारात सरसक्का उभी. एका हातात काठी, खांद्याला पिशवी, घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. तिच्या मागे धापा टाकत सून.

"काय गं पद्दी," ती म्हणाली, "रिक्षातून बघत होते मी मघापासून. माझ्या घरावर कसल्या घिरट्या घालतेस? घरी कोणी नाही."

पद्माक्का बांगड्या कठड्यावरच विसरून तिच्याकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

त्या दिवशी दोघींनी एकमेकींना काय खाऊ घातलं आणि किती भांडल्या ते सांगत बसत नाही. माझ्या डोळ्यांपुढे राहिलंय ते त्या गच्चीवरून उतरतानाचं. भुंगा काखेत धरून पद्माक्का पुढे, एकेक पायरी उलटी उतरत, तोंड वर बहिणीकडे, मोकळा हात पसरून, जणू ती पडलीच तर झेलणार आहे. सरसक्काने तो हात धरला नाही. कठडा धरून ती सावकाश येत होती, आणि प्रत्येक पायरीला ओरडत होती.

"अगं, मागे बघ की! माझ्याकडे काय बघतेस? तू पडलीस तर तुला चालवायला मला कुठे येतंय ते भिरभिरं उडवता?"

"उद्यापासून शिकवते," पद्माक्का म्हणाली, आणि तशीच उलटी उतरत राहिली.